कशावरून?

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘मुलं आणि मोबाइलवरचे खेळ’. मी काही यातला तज्ज्ञ नाही. आपल्या ग्रुपवर या विषयावर सगळ्यात जास्त तक्रारी माझ्या असायच्या, म्हणून ही शिक्षा. मी एकाच खेळाबद्दल बोलणार आहे. आणि त्या खेळामुळे एक जुनी गोष्ट माझ्या मानगुटीवर बसली, ती आज तुमच्यासमोर उतरवून ठेवणार आहे. ती विनोदी नाही, हे आधीच सांगतो.

२०२० साल आठवा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. माझी मुलगी जूनमध्ये सातवीत गेली, तीही नव्या शाळेत. नवी शाळा म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचे छोटे छोटे चौकोन. एकाही मुलीशेजारी ती बाकावर बसली नव्हती, की कुणाच्या डब्यातलं खाल्लं नव्हतं.

गणपती उठले आणि घरात नवाच प्रकार सुरू झाला. रोज संध्याकाळी आतल्या खोलीतून आरडाओरडा. ‘इलेक्ट्रिकलमध्ये प्रेत पडलंय!’ ‘मी नाही मारलं, आईशप्पथ!’ ‘लाल खोटं बोलतोय, काढा त्याला!’ माझी आई जप थांबवून विचारायची, ‘अरे, कुणाला मारलं?’ मी तिसऱ्या दिवशी जाऊन मोबाइल काढून घेतला.

मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘बाबा, माझ्या वर्गातली मुलं मला फक्त तिथेच भेटतात.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी म्हटलं, ‘बरं, काय आहे ते मला दाखव.’

त्या खेळाचं नाव ‘अमंग अस’. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो खेळला गेला असेल. एक अंतराळयान असतं. त्यात त्या वेळी चार ते दहा खेळाडू असायचे. प्रत्येक जण वेगळ्या रंगाच्या पोशाखातला, ठेंगणा, गोलमटोल. बहुतेक जण प्रामाणिक खलाशी. त्यांनी यानातली कामं करायची : वायरी जोडायच्या, कचरा टाकायचा, ओळखपत्राचं कार्ड यंत्रात घासायचं. (तीस वर्षं बँकेत नोकरी केली, पण ते कार्ड माझ्याकडून एकदाही धड घासलं गेलं नाही.) त्यांच्यातच एक, दोन किंवा तीन तोतये लपलेले असतात. तोतया म्हटलं की आपल्याला पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. हाही तसाच, आपल्यातलाच एक म्हणून वावरणारा. तो दिवे घालवतो, यंत्रं बिघडवतो आणि एकट्या सापडलेल्या खलाशाला मारतो.

प्रेत सापडलं की सगळ्यांची सभा भरते. तू कुठे होतास, तुझ्याबरोबर कोण होतं, यावर वाद होतो आणि मग मतदान. ज्याला सगळ्यात जास्त मतं, त्याला यानाबाहेर अंतराळात फेकून देतात.

हा खेळ अमेरिकेतल्या इनरस्लॉथ नावाच्या अगदी छोट्या कंपनीनं जून २०१८ मध्ये आणला. बनवणारे तिघं. सुरुवातीला कुणी फारसं विचारलं नाही. मग २०२० मध्ये जग घरात बसलं, आणि इंटरनेटवर थेट खेळून दाखवणाऱ्या लोकांनी तो उचलला. त्या सप्टेंबरात एका वेळी तीस लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. कंपनीनं ऑगस्टमध्ये दुसरा भाग जाहीर केला होता. तो सप्टेंबरात रद्द केला आणि आहे तोच खेळ सुधारायचं ठरवलं. मोबाइलवर तो फुकट होता, साधा फोन पुरायचा आणि नियम दोन मिनिटांत कळायचे. मुलांमध्ये वणव्यासारखा पसरला, तो यामुळे.

मूळ कल्पना मात्र जुनी. १९८०च्या दशकात मॉस्कोच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ या विद्यार्थ्यानं ‘माफिया’ नावाचा बैठा खेळ तयार केला. ‘अमंग अस’ त्याच्याच वंशातला. आणि आपण ऑफ तासाला वहीची पानं फाडून चिठ्ठ्या करायचो, राजा, प्रधान, चोर, शिपाई, तो तरी दुसरं काय होता? फरक इतकाच, की आपल्या खेळात संशय एकटा शिपाई घ्यायचा. इथे सगळा वर्ग मिळून घेतो.

मी मुलांबरोबर खेळायला बसलो. तिच्या वर्गातले आठ जण आणि त्यात हा पन्नाशीला टेकलेला. पहिल्याच डावात मला बाहेर फेकलं. मी काहीही केलं नव्हतं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तू सस होतास.’ सस म्हणजे संशयास्पद; त्या वर्षी सगळ्या मुलांच्या तोंडी हाच शब्द. विचारलं, ‘कशावरून?’ म्हणाली, ‘तू गप्प होतास.’

बाहेर फेकल्यावर पडद्यावर एक ओळ येते : हा तोतया नव्हता. ती वाचून सगळे ‘अरेरे’ करून हसतात आणि खेळ पुढे चालू. मुलीनं सांगितलं, हे एक सेटिंग आहे. ते बंद केलं तर ती ओळ येतच नाही. माणूस बाहेर जातो, पण तो दोषी होता की निर्दोष, हे डाव संपेपर्यंत कुणालाच कळत नाही. मोठी मुलं तसंच खेळतात, म्हणे. जास्त मजा येते.

दुसरी एक गोष्ट कळली. निर्दोष खलाशाला फेकलं, तरी त्याचा खेळ संपत नाही. तो भूत होऊन यानात फिरतो. जिवंत खेळाडूंना तो दिसत नाही, त्याचं बोलणं ऐकू जात नाही. पण त्याच्या वाटणीची कामं त्यानं करायची असतात आणि ती त्याच्या संघाच्या खात्यात धरली जातात. ज्यांनी फेकलं, त्यांच्यासाठीच तो राबत असतो.

आठवडाभर खेळल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या मुलांमधला एक मुलगा जवळजवळ प्रत्येक डावात पहिला बाहेर जातो. हळू बोलायचा, अडखळायचा. मुलीला विचारलं, ‘याच्यावरच संशय का?’ ती म्हणाली, ‘असंच. तो नेहमी पहिला जातो.’ पुढच्या दोन संध्याकाळी तो मुलगा आलाच नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आता आपल्या वर्गाची गोष्ट.

आपण नववीत होतो. डिसेंबरातल्या सहलीचे पैसे गोळा करायचं काम मॉनिटर म्हणून माझ्याकडे होतं. सप्टेंबरात एका दिवशी चौघांचे मिळून एकशे चाळीस रुपये माझ्या दप्तरातून नाहीसे झाले. पी.टी.च्या तासाला सगळा वर्ग मैदानावर होता. वर्गात एकच मुलगा होता, कारण त्याच्याकडे कॅनव्हासचे बूट नव्हते. सरांनी विचारलं, ‘कुणावर संशय आहे?’ पहिला हात माझा वर गेला. मग एकेक करत बहुतेक सगळ्यांचे गेले. तुमच्यापैकी काहींना हे आठवत असेल.

सरांनी त्याला मारलं नाही, त्याच्या वडिलांना बोलावलं. त्यांनी ते पैसे दोन हप्त्यांत भरले. तो मुलगा सहलीला आला नाही. पण वर्गाचा माठ भरायची पाळी त्याची असली, की तो रोजच्यासारखा भरत राहिला आणि आपण ते पाणी पीत राहिलो. दहावीला तो मामाच्या गावी गेला.

हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आईनं माझं दप्तर धुवायला काढलं. तळाशी घातलेल्या पुठ्ठ्याखाली एकशे चाळीस रुपये निघाले. अस्तर उसवलं होतं, त्यातून ते खाली सरकले होते. आईला मी म्हटलं, ‘सहलीचे आहेत, सरांना देतो.’ दिले नाहीत. आता सांगितलं तर सगळा वर्ग हसेल, मॉनिटरकी जाईल, या भीतीनं मी ते देवळाच्या दानपेटीत टाकले. पुण्य माझ्या नावावर आणि भुर्दंड त्याच्या वडिलांना.

सरांना मी दोष देत नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही हात वर केलेत, कारण मी आधी केला होता. आणि तुमच्यापैकी कुणालाही खरं कळायची सोय नव्हती. ते सेटिंग मी बंद करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिनं त्या मुलाला फोन करून बोलावलं आणि सगळ्यांना एक नियम सांगितला : ज्याला संशय असेल त्यानं कुठे पाहिलं, काय पाहिलं ते सांगायचं, सांगता आलं नाही तर मत द्यायचं नाही. खेळात तशी सोयही आहे. मतदानाच्या वेळी ‘कुणालाच नाही’ असं बटण असतं. त्यानंतर ती मुलं ते बटण दाबायला लागली. आपल्या वर्गातही ते बटण होतं. हात खाली ठेवला असता, तरी पुरलं असतं.

ज्यांच्या घरी मुलं किंवा नातवंडं आहेत, त्यांना दोनच गोष्टी सांगतो. अनोळखी माणसांच्या खोलीत मुलांना एकटं सोडू नका. या खेळात ओळखीच्यांपुरती खोली उघडता येते आणि तिचा संकेत ठरलेल्या मुलांनाच द्यायचा असतो, तेवढंच करा. २०२१ पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना मोकळेपणी संदेश टाइप करायला पालकांची परवानगी लागते. ती देण्याआधी विचार करा. आणि दुसरी गोष्ट, मोबाइल हिसकावण्याआधी एक डाव शेजारी बसून खेळा. खोटं बोलण्याचा खेळ आहे म्हणून घाबरू नका. चोर-शिपाई खेळून आपण चोर झालो नाही. आपलं मूल कुणाकडे बोट दाखवतंय आणि कशावरून, एवढं मात्र ऐका.

मला धीर यायला पुढे आणखी काही वर्षं गेली. दोन महिन्यांपूर्वी आपल्याच एका मैत्रिणीकडून त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘माझ्या वडिलांना सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. २००९ मध्ये गेले ते. मी चोरी केली नव्हती, हे त्यांना माझ्या तोंडूनच ऐकावं लागलं. दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नाही.’

मी माफी मागितली. त्यानं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. मेळाव्याला येतोस का, विचारलं. तो म्हणाला, ‘तू आधी तिथे सगळ्यांसमोर सांग. स्मरणिकेत छापून येऊ दे. माझं नाव घालू नकोस, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पुढच्या वेळचं मग बघू.’

म्हणून आज उभा राहिलो. सर, ते पैसे त्यानं घेतले नव्हते. पैसे माझ्याच दप्तरात होते.

पुढच्या मेळाव्याला त्याची खुर्ची मांडून ठेवूया. तो आला तर त्याला पाणी मी देईन.