आधी भाकरी, मग प्रवचन

१८६५ साली विल्यम आणि कॅथरीन बूथ या दांपत्यानं पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत ख्रिस्ती धर्मप्रचार सुरू केला. उपाशी पोटी प्रवचन कानात शिरत नाही, हे त्यांना तिथंच उमगलं. १८७८मध्ये या मिशनला नवं नाव मिळालं : साल्व्हेशन आर्मी. मराठीत आपण तिला मुक्तिफौज म्हणतो.

नावाप्रमाणे गणवेश आला, हुद्दे आले, बँडही आला. लढाई मात्र भूक, दारू आणि बेकारीशी होती. स्वस्त जेवण, बेघरांना रात्रीचा निवारा, बेकारांना कामाचा पत्ता, घरच्यांपासून दुरावलेल्यांचा शोध अशी कामं एकामागून एक उभी राहिली.

त्यातलं एक विशेष. त्या काळी आगपेट्यांसाठी पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफेनं कामगारांच्या जबड्याचं हाड सडत असे. १८९१मध्ये मुक्तिफौजेनं स्वतःचा कारखाना काढला. तिथं निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. हा कारखाना दहाएक वर्षांत बंद पडला, पण पर्याय असू शकतो हे लोकांना दिसलं.

याच मिशनचे चार कार्यकर्ते सप्टेंबर १८८२मध्ये मुंबई बंदरात उतरले. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचं बूथ हॉस्पिटल त्याच परंपरेतलं. आज मुक्तिफौजेचं काम १३०हून अधिक देशांत चालतं. सुरुवात झाली होती ती मात्र एका गरीब वस्तीतून.