सायकलीचे सुटे भाग : खरेदी, निगा आणि पेहराव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत, मराठ्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्या अशा विषयांवर ऐकावयास आपण उत्सुक असताना सायकलीचे सुटे भाग हा विषय काहींना किरकोळ वाटेल. तो किरकोळच आहे. परंतु ज्या वाहनावर आपले बारा वर्षांचे मूल जानेवारीच्या धुक्यात शाळेस जाते, त्याच्या ब्रेकचे रबर शेवटचे केव्हा बदलले हे घरात कोणासच सांगता येऊ नये, ही गोष्ट मात्र किरकोळ नव्हे.

मराठी माणसाचे आणि सायकलीचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात जे दुकान थाटले ते सायकलींचे. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी, पंप आणि इंजिने हे सारे त्यापुढचे. पुणे तर कित्येक दशके सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. आपल्यापैकी जे तिकडून आले त्यांना सायकलकराचा बिल्ला, तासाच्या बोलीवर मिळणारी भाड्याची सायकल आणि पोलीस दिसताच डबलसीट बसलेल्याने मारलेली उडी आठवत असेल. आज त्याच पुण्यात, कर्वेनगरात, विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे देखणे संग्रहालय उभे केले आहे. जी वस्तू संग्रहालयात गेली तिची रस्त्यावरची सद्दी उतरणीस लागली, असे समजावयास हरकत नाही.

चंडीगढची गोष्ट निराळी. ल कॉर्बुझिए यांनी या शहरासाठी व्ही-१ ते व्ही-७ असे रस्त्यांचे सात प्रकार आखले, आणि पुढे त्यांत व्ही-८ हा सायकलींचा मार्ग जोडला गेला. रस्ते रुंद, सावली भरपूर, चढउतार बेताचे. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे येथून सुमारे शंभर किलोमीटरवर लुधियाना आहे.

लुधियानाचे माहात्म्य आपण पुरेसे ओळखत नाही. फाळणीच्या धकाधकीत कमालियाकडचे मुंजाल बंधू अमृतसरमार्गे तेथे आले. आधी ते सुटे भागच विकत, आणि १९५६ साली त्यांनी हिरो सायकल्स उभी केली. १९८६ साली जगातील सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. पण केवळ मोठ्या कारखान्यांनी लुधियाना झाले नाही. एका शेडमध्ये तारा, दुसरीत मडगार्ड, तिसरीत सीट, चौथीत नुसत्या घंट्या, असे तेथील लहान लहान कारखान्यांचे गाव आहे. इंग्रजी धाटणीची काळी सायकल या सर्वांनी प्रमाण मानली, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याच्या सायकलीस बसतो. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलस कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जून रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकलदिनी, बंद केला. तरीही ज्याच्या घरी जुनी काळी ॲटलस आहे त्याला टायर, चेन वा छर्ऱ्यांसाठी हळहळण्याचे कारण नाही.

सायकल घेताना मी पहिली कसोटी हीच लावतो. रंग आणि गिअरांची संख्या मागाहून पाहावी. तिचा मागचा एक्सल मोडला तर तो आपल्या सेक्टरच्या मिस्त्रीकडे मिळेल काय, हे आधी विचारावे. शोरूममधील तरुण या प्रश्नाने जरा गोंधळतो, पण त्याच्या गोंधळण्यावरूनही पुष्कळ कळते.

खरेदीत सर्वांत अधिक फसगत होते ती टायरची. ‘सव्वीसचा टायर द्या’ असे सांगून भागत नाही, कारण सव्वीस नावाची मापे एकाहून अधिक आहेत. जुन्या पद्धतीच्या २६ × १ ३/८ टायरची रिमवर बसणारी कड ५९० मिलिमीटर व्यासाची असते, तर मुलांना आवडणाऱ्या जाड टायरच्या ‘माउंटन’ सायकलीतील सव्वीसची ५५९. दोन्हींवर सव्वीसच छापलेले, आणि एक दुसऱ्याच्या रिमवर जन्मात बसावयाचा नाही. अठ्ठाविसाचेही तेच. काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५, आणि हल्लीच्या हलक्या सायकलींचा, ज्याला ७०० सी म्हणतात, तो ६२२. जुन्या टायरच्या कुशीवर ३७-५९० किंवा ४०-६३५ असा जोडआकडा उमटलेला असतो, त्यातील दुसरा आकडा चिठ्ठीवर लिहून न्यावा. ट्यूब घेताना व्हॉल्व्हही पाहावा. जुन्या सायकलीचा रबरी नळीचा व्हॉल्व्ह, मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह आणि बारीक लांब व्हॉल्व्ह यांना पंपाचे तोंड वेगवेगळे लागते.

चेन वाढली की नाही हे ओळखण्यास मिस्त्री लागत नाही, शाळेची फूटपट्टी पुरते. चेनच्या पिना अर्ध्या अर्ध्या इंचावर असतात, म्हणून नव्या चेनमधील चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. बारा इंचांवर एक सोळांश भरल्या तर चेन बदलावी. एक अष्टमांश भरल्या तर चेनने फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले असे समजावे. मग नुसती नवी चेन घातली तर ती जुन्या दात्यांवरून उड्या मारते. चार पैसे वाचविण्यासाठी लांबविलेली चेन शेवटी फ्रीव्हीलचा खर्च अंगावर आणते.

तेलाविषयी थोडे सांगावयाचे आहे, कारण येथे आपला मराठीपणा आडवा येतो. घरात खोबरेल असते, आणि सायकल कुरकुरली की तेच चार थेंब सोडण्याची सवय आपण गावाहून बरोबर आणलेली. खोबरेल चोविसाच्या आसपासच्या उष्णमानाखाली थिजू लागते. रत्नागिरीस हे खपून जाईल. चंडीगढच्या डिसेंबरात बाटलीत जे होते तेच चेनमध्ये आणि ब्रेकच्या तारेत होते. त्याहून शिवणयंत्राचे पातळ तेल बरे. फ्रीव्हीलमध्ये तर तेच घालावे. आत दात्यांना अडकणाऱ्या ज्या लहान खिट्ट्या असतात त्यांना इकडचे मिस्त्री ‘कुत्ते’ म्हणतात. घट्ट ग्रीस भरले की थंडीत या खिट्ट्या चिकटून बसतात, पायडल रिकामे फिरू लागते, आणि उस्ताद गंभीर चेहऱ्याने ‘कुत्ते फेल हो गए’ असा निकाल देतो. आपल्याकडील एका नवागत भगिनींनी हे ऐकून ‘कोणाचे कुत्रे?’ असे विचारल्याचे येथे अनेकांना ठाऊक आहे.

ग्रीसची जागा हबमध्ये. मागच्या हबला बहुधा पाव इंची छर्रे असतात, पुढच्याला ३/१६ इंची. एखादा छर्रा फुटला म्हणून तेवढाच नवा टाकू नये. जुने झिजून लहान झालेले असतात, सारा भार नव्यावर येतो आणि तोही फुटतो. संच पुरा बदलावा. तो महाग नसतो. पायडल घेताना डावे-उजवे पाहून घ्यावे. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, आणि ते ठाऊक नसलेल्या नवशिक्या पोराच्या हाती पाना गेला तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कायमचे जातात. जुन्या सायकलीत पायडलाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदाच ‘टक्’ असा आवाज येऊ लागला तर कॉटर ढिला झाला असे समजावे, आणि तो ठोकून बसविण्यापेक्षा बदलावा.

हे सर्व केव्हा करावे? आपल्याकडे खंडेनवमीस शस्त्रे-अवजारे पुजण्याची आणि दसऱ्यास सायकल धुऊन झेंडूची माळ घालण्याची रीत आहे. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात हब उघडून, पावसाळ्याचा चिखल काढून, नवे ग्रीस भरून घ्यावे म्हणजे पूजा खऱ्या अर्थाने अवजाराची होईल. दिवाळीनंतर म्हणाल तर पाडव्याला आपण सुट्टीवर आणि मिस्त्रीही सुट्टीवर. त्या दिवशी पंजाबात विश्वकर्मापूजा असते आणि हत्यारास कोणी हात लावीत नाही.

आता ब्रेक. पोलादी, चकचकीत रिम पावसात भिजली की रबराची पकड एकदम उणावते. ॲल्युमिनियमच्या रिमला हा दोष पुष्कळ कमी. म्हणून मुलासाठी सायकल घेताना चार गिअर कमी चालतील, पण रिम ॲल्युमिनियमची पाहावी. ब्रेकचे रबर झिजते तसे ते नुसत्या वयानेही कठीण होते. वर्षभर गच्चीत उन्हात पडून राहिलेल्या सायकलीचे रबर दिसावयास कोरे असते, नख लावून पाहावे. नख रुतत नसेल तर बदलावे. ब्रेकच्या तारेचा एक जरी धागा टोकाशी सुटलेला दिसला तरी ती तार उतरवावी. आणि चेनला तेल दिल्यावर वरचे फडक्याने पुसून काढावे. रिमवर गेलेला थेंब ब्रेकचा वैरी.

पेहरावाकडे येतो. येथेही लुधियानाच आपला पुरवठादार, कारण सायकलींइतकेच ते लोकरी होजिअरीचे शहर आहे. थंडीत सायकल चालविणाऱ्यास दोन शत्रू : समोरचा वारा आणि आतला घाम. जाड सुती बनियन घामाने भिजते आणि थांबल्यावर हुडहुडी भरविते. म्हणून आत पातळ लोकरी किंवा घाम चटकन सुकणारे विणीचे वस्त्र, आणि वर वारा अडविणारे एक पातळ जाकीट, एवढे पुरे होते. हातमोजे असे घ्यावेत की बोटांना ब्रेकची दांडी नीट ओढता यावी. माकडटोपीने ऊब मिळते, पण बाजूची दृष्टी आणि मागच्या मोटारीचा आवाज दोन्ही जातात. लोकरीची पातळ पट्टी कानांवर बांधून वर हेल्मेट घालावे. सायकलीचे हेल्मेट निराळे असते. त्यावर ‘ईएन १०७८’ सारखी प्रमाणखूण आहे का ते पाहावे, आणि एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून अभंग दिसले तरी टाकून द्यावे. पाटलोणीस उजव्या पायात क्लिप लावावी, कारण चेन उजवीकडे असते. साडी किंवा ओढणी असेल तर पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकावर जाळी या दोन वस्तू चैनीच्या नव्हेत. पिंजोरपर्यंत जाणाऱ्यांनी गादीची चड्डी अवश्य घ्यावी. सेक्टर बावीसहून सतरापर्यंत जाणाऱ्यास तिची गरज नाही, दुकानदार काहीही म्हणो.

शेवटी ज्यासाठी मी हा विषय निवडला ते. ताशी साठ किलोमीटरने धावणारी मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर अंतर कापते. धुक्यात पन्नास मीटरपलीकडचे दिसत नसेल, तर पुढची सायकल दिसल्यापासून चालकाच्या हाती तीन सेकंद राहतात. पांढरे कपडे घातले तरी धुक्यात ते धुक्यातच मिसळतात. उपयोग होतो तो मागच्या लाल दिव्याचा, आणि प्रकाश परतविणाऱ्या पट्टीचा. ही पट्टी घोट्यावर बांधावी, कारण पाय वरखाली होतो आणि हलणारी चमक नजरेस लवकर येते.

आता जरा विचार करा. पहाटे सहा वाजता या शहरात सायकलीवर कोण असते? आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई, माळी, दूधवाला, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी. त्यांच्या सायकलीला बहुधा मडगार्ड असतो, दिवा नसतो. आणि धुके सर्वांत दाट कधी? जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास. मंडळाच्या हळदीकुंकवाला दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या लुटल्या जातात. प्रत्येक घरात आता त्या इतक्या झाल्या आहेत की पुढच्या वर्षी त्याच पुन्हा वाणात येतात, हे भगिनींना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. यंदा वाण म्हणून सेलवर चालणारा एक लहान लाल दिवा आणि घोट्याच्या पट्ट्यांची एक जोडी लुटावी, आणि प्रत्येकीने ती तिळगुळासह आपल्या घरी कामाला येणाऱ्या सायकलवाल्याच्या हाती द्यावी, अशी माझी कार्यकारिणीस सूचना आहे. पुरुष सभासदांनी तेवढाच वेळ काढून दिवा सीटखाली घट्ट बसवून द्यावा. नाहीतर तो खिशात राहतो.

ठोक भावाची चौकशी मी करून ठेवली आहे, तो कागद चिटणीसांकडे दिला आहे. टेबलावर एक उघडलेले फ्रीव्हील, दोन्ही प्रकारचे सव्वीसचे टायर आणि झिजलेली एक चेन फूटपट्टीसह मांडली आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चहाआधी यावे. हात काळे होतील, बाजूला चिंध्या ठेवल्या आहेत.