पायाच्या अंगठ्याचा सांधा

अमडापूरची टेकडी चढताना शरीर पुढे रेटतो तो पायाचा अंगठा. निंदायला उकिडवे बसलो, तरी वाकतो तोच. म्हणून त्याच्या बुडाचा सांधा झिजला, की सारे कामच अडते.

झीज म्हणजे काय? हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा विरते, हाडावर हाड घासते आणि सांध्यावर उंचवटा येतो. मात्र अंगठा एका रात्रीत लाल होऊन सुजला व ठणकू लागला, तर ते बहुधा वातरक्त, म्हणजे गाऊट. त्याचे औषध निराळे. तेव्हा आधी निदान करून घ्यावे.

झिजेवर पहिला उपाय साधा : पुढून रुंद आणि ताठ तळव्याचे पायताण. तेवढ्याने भागले नाही, तर शस्त्रक्रिया. वाढलेले हाड तासतात, किंवा दोन्ही हाडे कायमची जोडून टाकतात. जोडल्यावर दुखणे बहुधा थांबते. पण सांधा वाकत नाही, उकिडवे बसणे अवघड होते.

म्हणून कृत्रिम सांध्याचा मोह पडतो. सिलिकॉनचे झाले, धातूचे झाले. २०१६ साली अमेरिकेत जेलीसारख्या पदार्थाच्या बुचाला परवानगी मिळाली. २०२४ साली ते अपेक्षेपेक्षा अधिक निकामी ठरते, असे दिसल्यावर उत्पादकानेच बाजारातून परत घेतले. नवे ते सारे टिकाऊच, असे नव्हे.

तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हा सांधा किती वर्षे टिकेल? बिघडला तर पुढे काय? आणि मला शेतात उकिडवे बसता येईल का?