धेंपोचे कुलासो सर

ओहोटी लागली की आमच्या मालगुंडच्या पुळणीवर पोरं फुटबॉल खेळतात. अंगात मेस्सी, रोनाल्डोच्या जर्सी. त्या पोरांना मला आज आपल्या शेजारच्या गोव्यातला एक माणूस सांगायचा आहे : आर्मांडो कुलासो, धेंपो क्लबचे एकेकाळचे प्रशिक्षक.

चार सामने हरले की प्रशिक्षकाला नारळ द्यायचा, ही फुटबॉलमधली जुनीच रीत. धेंपोत तसं झालं नाही. श्रीनिवास धेंपे यांच्या या क्लबने कुलासोंच्या हाती संघ दिला, तो वर्षानुवर्षं काढून घेतला नाही. 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत धेंपोने देशाचं विजेतेपद पाच वेळा जिंकलं. रँटी मार्टिन्स, बेटो हे परदेशी खेळाडू मोलाचे होतेच. रँटीने 2011-12च्या हंगामात 32 गोल केले. पण संघाचा कणा महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच मुलांचा होता, आणि मला त्याचंच अप्रूप जास्त वाटतं.

यातलं पहिलं विजेतेपद मात्र फार जड मनाने आलं. डिसेंबर 2004. बंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या तरुणाने दोन गोल केले. दुसरा गोल मारताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. तो पडला, तो परत उठला नाही. धेंपोने कप जिंकला, पण तो घेऊन घरी परतणाऱ्या मुलांची काय अवस्था असेल! क्लबने ज्युनियरची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच मुलांना कुलासोंनी पुन्हा मैदानात उभं केलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी राष्ट्रीय लीगचं ते पहिलं विजेतेपद जिंकलं. डावपेच पुस्तकातून शिकता येतात. हे काम करायला मुलांचा वर्षानुवर्षांचा विश्वास गाठीशी लागतो, आणि नवा माणूस कितीही हुशार असला तरी त्याला तो विश्वास आल्या आल्या मिळत नाही.

2011मध्ये कुलासो थोडा काळ भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. पुढे ते कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेले. जीवनगौरव विभागातला द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना जानेवारी 2025मध्ये मिळाला. फार उशिरा मिळाला, असं मी स्पष्टच म्हणेन. तोवर त्यांच्या तालमीतली मुलंही प्रशिक्षक झाली होती. क्लिफर्डच्या हाताखाली ओडिशाने 2023चा सुपर कप जिंकला, आणि समीर नाईक धेंपोचेच प्रशिक्षक झाले.