विषाणूची उसनी कात्री
(परळी वैजनाथ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

ज्वारीची भाकरी सावकाश चावली की गोड लागू लागते. लाळेतील एक विकर, म्हणजेच एन्झाइम, पिठातील पिष्टाचे तुकडे करून साखर मोकळी करते. अशी असंख्य विकरे शरीरात अहोरात्र राबत असतात. करोना विषाणू पेशीत शिरतो तो याच घरच्या कामगारांच्या हातून.

विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारखे प्रथिन प्रथम पेशीवरील एसीई-२ या रेणूला चिकटते. हा रेणूही मूळचा विकरच; रक्तदाबाच्या नियमनात त्याचा वाटा असतो. परंतु चिकटणे म्हणजे आत शिरणे नव्हे. काटा दोन ठिकाणी कापला गेला म्हणजे विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात सहज मिसळते. आणि कात्री तर विषाणूपाशी नाही. पहिला छेद फ्युरिन देते, तोही आधीच्या बाधित पेशीतून विषाणू बाहेर पडण्यापूर्वीच. दुसरा छेद नव्या पेशीच्या पृष्ठभागावरील टीएमपीआरएसएस-२ देते. ते नसल्यास पेशी विषाणूला एका पिशवीत ओढून घेते व तेथील आम्लधर्मी वातावरणात कॅथेप्सिन-एल हे काम पुरे करते. दारे अशी दोन.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत परळीहून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण नेण्याचे दिवस अनेकांच्या स्मरणात असतील. त्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने राज्यातील नमुने अभ्यासले, तेव्हा काट्यातील ६८१ व्या स्थानी प्रोलिनऐवजी अर्जिनिन हे अमिनो आम्ल आलेले आढळले. हे स्थान फ्युरिनच्या छेदरेषेला लागूनच असल्याने काप अधिक सुलभ झाला. या कुळातील एका प्रकाराला मे २०२१ मध्ये ‘डेल्टा’ हे नाव मिळाले. लाटेचे कारण एवढेच होते असे मात्र समजू नये. गर्दीचाही त्यात हात होता.

२०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांचा बराच बोलबाला झाला. प्रयोगशाळेत माकडाच्या मूत्रपिंडपेशींत त्या विषाणूला अडवीत, कारण तेथे टीएमपीआरएसएस-२ जवळजवळ नसते. पिशवीचेच दार उरते आणि गोळी पिशवीतील आम्लता घटविते. मानवी फुप्फुसाच्या पेशींत पुढचे दार उघडेच राहिले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतही रुग्णालयातील रुग्णांना लाभ दिसला नाही.

मग फ्युरिनच का बंद करू नये? ते शरीराची इतर अनेक आवश्यक कामे करते. ते रोखल्यास ती कामेही अडतील. लसींचा रोख शरीराच्या कात्रीवर नसून विषाणूच्या काट्यावर ठेवण्यात आला.