संपातील लेखणी आणि खेळाचा बाजार
(झाशी येथील मराठी श्रोत्यांपुढे केलेले भाषण)



२०१५ साली ‘द ऑर्डर : १८८६’ नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला. त्यातील लंडनमध्ये ‘युनायटेड इंडिया कंपनी’विरुद्ध बंडखोरांचे नेतृत्व करणारी स्त्री म्हणजे तुमच्या झाशीची राणी! हा खेळ कॅलिफोर्नियातील ‘रेडी अॅट डॉन’ या कंपनीने बनविला आणि त्याच्या लेखनासाठी कर्क एलिस हा दूरचित्रवाणीचा पटकथाकार आणला. पटकथेत मुरलेली लेखणी या धंद्यास हवी असते, ती अशी.

२ मे २०२३ रोजी अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेने संप पुकारला. तो १४८ दिवस चालला. किमान वेतनाबरोबरच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने लेखकाचा घास हिरावू नये, ही मागणी त्यात होती. खेळांचे लेखन ज्या करारावर संप होता त्याच्या बाहेरचे. त्यामुळे संपकरी लेखकाने ते पत्करले तर ती संपफोडी ठरत नव्हती.

यात गैर ते काय? १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईचा गिरणी कामगार संपावर गेला, तेव्हा तोही कोकणात, साताऱ्यात परतून शेतात राबला. १९७४ च्या रेल्वे संपाची झळ सोसलेल्या या शहराला चूल पेटती ठेवण्याचा प्रश्न समजावून सांगावा लागू नये.

परंतु ज्या दारी हा लेखक जातो तेथील कारभार पाहा. चित्रपटातील प्रसंग एकाच वाटेने पुढे सरकतो. खेळात खेळणाऱ्याच्या प्रत्येक निवडीसाठी निराळा संवाद लिहावा लागतो. पहारेकऱ्यांच्या तुटक आरोळ्याही लेखकानेच लिहावयाच्या. त्यांना त्या धंद्यात ‘बार्क’, म्हणजे भुंकणे, म्हणतात. लेखकाची प्रतिष्ठा त्या शब्दावरूनच ओळखावी! चित्रपट वा मालिका पुन्हा दाखविली तर संघटनेच्या करारानुसार लेखकास मोबदला मिळतो. खेळाच्या प्रती वर्षानुवर्षे खपोत, लिहिणाऱ्याच्या हाती बहुधा एकदाच ठरलेली रक्कम पडते. बहुतेक ठिकाणी संघटनाही नाही.

संपाच्या अखेरीस पटकथाकारांनी यंत्राविरुद्ध संरक्षण करारात मिळविले. खेळांना आवाज व हालचाली देणाऱ्या कलावंतांना मात्र त्याच प्रश्नावर २६ जुलै २०२४ रोजी वेगळा संप करावा लागला. त्यांचा करार २०२५ मध्ये झाला. दरम्यान ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मेटा’ या मालक कंपनीने ‘रेडी अॅट डॉन’ बंदच करून टाकली.

आपल्याकडे २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यास चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनाचा हक्क दिला. तो करारात लिहून सोडून देता येत नाही. पण त्या तरतुदीत चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची नावे आहेत, व्हिडिओ गेमचे नाव नाही. पुण्यामुंबईच्या किंवा या झाशीच्या तरुणाने उद्या खेळासाठी राणीचे संवाद लिहिले, तर त्याने कोणत्या कलमाचा आधार घ्यावा, हे पटकथालेखकांच्या आपल्या संघटनेने आताच हाती घेतले पाहिजे.