झिजलेल्या मनगटाची भरपाई

दिवाळीच्या आगेमागे धामणगाव रेल्वेच्या शिवारात वावरं पांढरी दिसू लागतात. सीतादहीची पूजा होते, वेचणीला सुरुवात होते आणि अंजनसिंगी, तळेगाव दशासर, मंगरूळ दस्तगीरकडचा कापूस जिनांच्या वाटेला लागतो. मग भाव काय निघाला, ओलावा किती धरला, सरकारी खरेदी कधी सुरू होणार, हेच बोलणं सगळीकडे. ते बोलायलाच हवं. मला मात्र आज तो कापूस ज्या हातांतून जातो, त्या हातांबद्दल बोलायचं आहे.

वेचणीचं काम जवळून पाहा. कमरेला ओटी बांधलेली. उमललेल्या बोंडाची टरफलं वाळून टोकदार झालेली असतात. बोटं त्यांच्या आत घालायची, मनगट किंचित मुरडायचं आणि सगळ्या कप्प्यांतला कापूस एका ओढीत बाहेर काढायचा. मागे कवडी राहिली तर बोलणी बसतात, पालापाचोळा आला तरी बसतात. एका बोंडातून साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. चाळीस किलो वेचायचा तर दहा हजार बोंडं झाली, म्हणजे दहा हजार वेळा तीच ओढ, तीच मुरड. मजुरी किलोवर असते, त्यामुळे हात थांबवणं परवडत नाही. आणि घरी गेल्यावर हाच हात भाकरी थापतो, कपडे पिळतो.

मोसमाच्या शेवटी बायका सांगतात, "हाताले मुंग्या येतेत. रातीले झटका लागते, तवा कुठं बरं वाटते." डॉक्टरांना हे वाक्य चांगलं ओळखीचं आहे. मनगटात तळहाताच्या बाजूला हाडांचा आणि चिवट पडद्याचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ स्नायुरज्जू आणि एक मुख्य मज्जातंतू जातो. तेच तेच काम करून रज्जूंवरची आवरणं सुजली, की मज्जातंतू दाबला जातो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी बहुधा शाबूत राहते आणि त्यावरूनच डॉक्टरांना अंदाज येतो. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. दुसरा त्रास अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर होतो. तिथल्या रज्जू सुजतात आणि पिळताना, उचलताना कळ येते. फ्रिट्झ द केर्व्हें या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. वेळीच रात्री पट्टी बांधली, काम बदललं, गरज पडली तर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया केली, तर हात वाचतो. दुर्लक्ष झालं तर अंगठ्यामागचा मांसल उंचवटा सपाट होत जातो. मग सुईत दोरा ओवता येत नाही, हातातली वाटी सुटते.

हा त्रास एकट्या वेचणाऱ्या बाईचा नाही. जिनात कापसातला कचरा निवडणारी बाई, दिवसभर कात्री चालवणारा शिंपी, संगणकावर सातबारा आणि पीकविम्याचे अर्ज भरणारा मुलगा, या सगळ्यांची मनगटं एकाच रांगेत आहेत.

आता कायद्याकडे येतो. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. कायद्याचा मुख्य आधार अपघात हा आहे. कामावर असताना, कामामुळे अंगठा तुटला, तर कमाईची क्षमता तीस टक्के गेली असं परिशिष्टातच लिहिलेलं आहे. पूर्ण तर्जनी गेली तर चौदा टक्के. महिना दहा हजार मजुरी असलेल्या चाळीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा यंत्रात गेला, तर जुन्या कायद्याच्या सूत्राने भरपाई सव्वातीन लाखांच्या वर जाते. तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच मजुरीच्या बाईचा अंगठा तसाच आहे पण त्यात बळ उरलेलं नाही. तिने कोणत्या तारखेचा अपघात सांगायचा? तिची इजा पंधरा हंगामांत थोडी थोडी होत आलेली असते.

अपघाताशिवाय भरपाईची एक वाट कायद्यात आहे, ती व्यवसायजन्य आजारांच्या यादीची. यादीतला आजार त्या कामातल्या माणसाला झाला, की तो कामामुळेच झाला असं धरलं जातं आणि तसं नाही हे सिद्ध करणं मालकाच्या अंगावर येतं. यादीचं खरं मोल इथे आहे. यादीबाहेरचा आजार असेल तर तो कामावरच्या एखाद्या ठरावीक अपघाती इजेमुळेच झाला, हे कामगाराने दाखवायचं. मनगटाच्या बाबतीत ते जवळजवळ अशक्य आहे.

या यादीत शिसं आहे, पारा आहे, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा आहे. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, बिसिनोसिस, तोही आहे, आणि ते योग्यच आहे. पण तोच कापूस हाताळून निकामी झालेलं मनगट त्या यादीत नाही. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट सलल्याशिवाय राहत नाही.

हे ज्ञान नवं आहे असंही म्हणता येत नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामकऱ्यांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत कारकुनांच्या हाताबद्दल लिहिलं आणि हाताच्या एकाच दिशेच्या अखंड हालचालीला दोष दिला. ब्रिटनने १९०८ मध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणारा पेटका भरपाईच्या यादीत घेतला. रेल्वेच्या स्टेशनांत मोर्सची कळ दाबणारी बोटं त्या काळी आपल्याकडेही होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत मनगटाच्या रज्जूंची सूज आणि कार्पल टनेल, दोन्हींची नावानिशी नोंद आहे. ती यादी शिफारशीच्या स्वरूपाची आहे, सरकारांवर बंधनकारक नाही. आपल्या सरकारने ती मनावर घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

यावर एक आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांतही हाच मज्जातंतू दाबला जातो, मग दोष कामाचा कशावरून? उत्तर असं, की तपासणी करून ठरवावं. मज्जातंतूची विद्युत तपासणी करता येते, साखर तपासता येते, किती वर्षं कोणतं काम केलं हे विचारता येतं. बहिरेपणाही वयाने येतो, तरी गोंगाटाचा बहिरेपणा यादीत आलाच ना? बायकांच्या बाबतीत तर घरच्या धुण्याभांड्यांकडे बोट दाखवणं फार सोपं असतं. घरकामाने हात थकत असेल. म्हणून दहा हजार बोंडांचा हिशेब पुसला जात नाही.

वेचणाऱ्या बाईची अडचण याहून मोठी आहे. आज या वावरात, उद्या त्या वावरात. मालक एक नाही, हजेरीपट नाही. नुसती यादी वाढवून तिचं भागणार नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून शेतकरी कुटुंबाला मृत्यूबद्दल दोन लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख मिळतात. तीही अपघाताचीच योजना. शेतमजूर बायांसाठी हंगाम संपल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात हातांची तपासणी झाली आणि मनगटाच्या पट्ट्या मोफत मिळाल्या, तरी पुष्कळ हात वाचतील.

जिनात, कारखान्यात, दुकानात नोकरी करणाऱ्यांना मात्र आजही काही करता येईल. मुंग्या येऊ लागल्या की दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरांना आपलं काम सांगा: काय करता, दिवसाला किती तास, किती वर्षांपासून. ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा आणि तो कागद जपून ठेवा. डॉक्टर मंडळींनाही विनंती आहे, नाव आणि वयाखाली कामाची एक ओळ लिहीत जा. पुढे दावा उभा राहिला तर तो त्याच ओळीवर उभा राहील. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो, त्यांना वर्गणीची अट पूर्ण असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. त्यासाठी आजार यादीत असावा लागत नाही.

आजारांची यादी वाढवणं सरकारच्या हातात आहे. जुन्या कायद्याच्या कलम ३ मध्ये तर तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन अधिसूचनेने यादीत भर घालण्याचा अधिकार राज्य सरकारलाही होता. कामगार संघटनांनी, बाजार समित्यांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी. आणि कुणाला दाव्याबद्दल विचारायचं असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लक्षात ठेवा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.